स्कोप झिरो धरत नव्हता

दादाने मला नेमबाजीच्या रेंजवर नेलं ते माझ्या डोळ्यांसाठी. बस वळणावर असतानाच मी तिचा नंबर सांगायचे. बोरीवली स्टेशनच्या पुलावर उभी राहिले की खालच्या माणसांत आई कुठे चाललीय ते बोट दाखवून सांगायचे. "घारीची नजर आहे तुझी," दादा म्हणायचा. "फुकट कशाला घालवतेस? रविवारी चल माझ्याबरोबर."

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही तिघं बोरीवलीत मार्केटच्या मागच्या चाळीत राहायचो. बाबा मी अगदी लहान असताना आजारपणात गेले, आणि वर्ष उलटायच्या आत आईने आम्हा दोघांना घेऊन खाडीपलीकडचं आमचं कोळ्यांचं गाव, मनोरी, सोडलं. मार्केटात तिचा मासळीचा ओटा होता. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. कांदिवलीच्या एका कारखान्यात तो लेथवर काम करायचा. मी कॉलेजला होते. आईचं सासर आणि माहेर दोन्ही मनोरीलाच; तिथे तिचा भाऊ, आमचा मामा, एकटाच राहायचा. तरुणपणीच त्याचे डोळे गेले होते. "दर्याच्या उन्हानं नेलं," असं आई सांगायची, आणि पुढे काही विचारलं की भांडी घासायला बसायची.

रायफल दादाच्या हातात पहिल्यांदा आली ती कॉलेजच्या एनसीसीत. तिथल्या एका सरांनी त्याचा नेम बघून त्याला क्लबात धाडलं. क्लब म्हणजे पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी एक बंद पडलेली दगडाची खाण, तिच्या तळाशी मातीचा उंच बांध, आणि अलीकडे पत्र्याची एक शेड. सगळा कारभार एक निवृत्त सुभेदार बघायचे. त्यांना सगळे सुभेदारच म्हणायचे. ते खुर्ची टाकून बसले की त्यांच्या परवानगीशिवाय तिथे कोणी खोकायचंही नाही.

शिकारबंदी आल्यावर एका म्हाताऱ्या सभासदाने आपली पॉइंट टू-टूची रायफल स्कोपसकट, म्हणजे वर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीसकट, क्लबला देऊन टाकली होती. बाकी सगळे साध्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीवर, नेम धरणारे, त्यामुळे ही वर्षानुवर्षं कपाटात पडून होती. सुभेदारांनी ती दादाच्या स्वाधीन केली. "हिला झिरो कर," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी स्कोपची वेगळी मॅच ठेवू. पंचवीस, पन्नास आणि शंभर मीटर."

झिरो करणं म्हणजे काय, हे मला त्या पहिल्या रविवारी कळलं. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवायची. स्कोपमधल्या दोन बारीक तारांची फुली टार्गेटच्या मधोमध ठेवायची आणि गोळ्या मारायच्या. गोळ्या मधोमध लागतच नाहीत, कुठेतरी बाजूला लागतात. पण माणूस चांगला असेल तर सगळ्या एकाच ठिकाणी लागतात. त्या भोकांच्या जुडग्याला ग्रुप म्हणायचं. मग स्कोपवरच्या दोन चकत्या फिरवायच्या, एक वर-खालीसाठी, एक डावी-उजवीसाठी, आणि तो ग्रुप फुलीखाली आणून बसवायचा.

माझं काम शेजारी बसायचं. तिपाईवर एक मोठी दुर्बीण असायची. तिच्यातून बघून गोळी कुठे लागली ते मी ओरडून सांगायचं, टार्गेट म्हणजे घड्याळ आहे असं समजून, आणि मधल्या दहापासून बाहेर कमी होत जाणारं रिंगण कितवं तेही.

"चार वाजता. सातच्या रिंगणात."

"नक्की?"

"मला विचारतोस नक्की म्हणून?"

तो हसायचा, चकती फिरवायचा. टक, टक, टक. पन्नास मीटरवर चकतीच्या आठ टिचक्या म्हणजे एक इंच, हे त्या दिवशी माझं पाठ झालं ते आजवर विसरले नाही.

पन्नासवर ग्रुप मधोमध बसला तेव्हा मला वाटलं झालं काम. दादाने टार्गेट शंभरवर नेलं, तीच फुली, तोच दम धरून गोळी मारली, आणि मला भोकच सापडेना. काळ्या गोलात नाही, रिंगणात नाही. शेवटी पार खाली, कागदाच्या कडेशी दिसलं.

"दादा, हे तर वीतभर खाली गेलं."

"बरोबर गेलं."

"बरोबर कसं? तू तर मधोमध धरली होतीस ना?"

दादा उठून बसला. त्याला समजावून सांगायला फार आवडायचं. "तांडेल होडीतून धक्क्यावर दोर कसा फेकतो बघितलंयस? धक्क्यावरच्या माणसाच्या छातीवर नेम धरतो का?"

"डोक्यावरून फेकतो."

"का? कारण दोर वाटेत खाली येणार. गोळीचंही तेच. नळीतून बाहेर पडल्या पडल्या ती पडायला लागते. फक्त जोरात जाते म्हणून आपल्याला कळत नाही." त्याने डावा हात सरळ पुढे धरला. "ही नजर. एकदम सरळ." मग उजव्या हाताचं बोट त्याच्या खालून तिरकं वर नेलं, हाताच्या वर आणलं, आणि पुढे हळूहळू खाली सोडलं. "आणि ही गोळी. स्कोप नळीच्या वर बसवलाय, म्हणून गोळी नजरेच्या खालून निघते. पंचविसाच्या आसपास नजरेला गाठते, जराशी वर जाते, पन्नासवर परत गाठते. त्याच्या पुढे खालीच. शंभरवर जायचं तर मग मी फुली वीतभर वर धरायची, नाहीतर चकती फिरवायची."

"आणि अगदी जवळून मारली तर?"

तो खूश झाला. "शाब्बास. अगदी जवळून मारली तर फुलीच्या खाली लागते. लोकांना पटत नाही, पण लागते."

त्या हिवाळ्यात आम्ही प्रत्येक रविवारी खाणीत असायचो. आई पहाटे ओट्यावर जाताना आमच्यासाठी भाकरी आणि तळलेला बोंबील बांधून ठेवायची. एवढं काय बघता त्या नळीत, असं विचारायची, पण तिला अभिमान होता. ओट्यावर येणाऱ्या बायकांना ती सांगायची, "माझा पोरगा शंभर मीटरवरचा पैसा उडवतो." पैसा त्याने कधी उडवला नव्हता, पण तेवढ्या अंतरावर हाताच्या तळव्यात मावेल असा ग्रुप मारायचा, आणि कोणाला कधी चांगलं न म्हणणारे सुभेदार एकदा "झकास" म्हणाले होते.

पुढच्या पावसाळ्यानंतर रेंज उघडली तेव्हा काहीतरी बिघडलं.

"तीन वाजता, आठ," मी सांगितलं. दादाने चकती फिरवली. "सात वाजता, सात." परत फिरवली. "अकरा वाजता... दादा, हा सहात गेला." ग्रुपच नव्हता. गोळ्या शिंपडल्यासारख्या सगळीकडे पडत होत्या.

"स्कोप झिरो धरत नाहीये," तो म्हणाला. "स्क्रू ढिले झाले असणार."

त्याने स्कोप काढला, स्क्रू साफ केले, परत घट्ट बसवले. ते हलू नयेत म्हणून माझी नेलपॉलिश त्यांच्या डोक्यांवर लावली. त्या लाल ठिपक्यांची सुभेदारांनी बरीच चेष्टा केली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग त्याला वाटलं, वाऱ्यामुळे. मग काडतुसांची पेटी बदलून बघितली. एके दिवशी स्कोपला डोळा लावून तो बराच वेळ नुसता पडून राहिला. गोळी मारलीच नाही.

"काय झालं रे?"

"मधोमध धुकं आहे. पावसाळ्यात कपाटात होता ना, आत बुरशी आली असणार. फुलीच्या तारा जिथे एकमेकींना कापतात ना, बरोब्बर तिथे."

ते खोटं वाटण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांना बुरशी येते, काचेला का येणार नाही? सुभेदारांची परवानगी घेऊन आम्ही स्कोप फोर्टात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या पारशीबाबाकडे नेला. त्याने तो दिव्यासमोर धरला, दोन्ही बाजूंनी बघितला, मग भिंग लावून बघितला.

"काच एकदम साफ आहे, दीकरा."

"नीट बघा ना. मधोमध."

"मी तीस वरस काच बघतो. एकदम चोख्खी." त्याने स्कोप दादाच्या हातात दिला. "तू बघ."

दादाने दुकानातून रस्त्यापलीकडच्या पाटीवर स्कोप लावला. मग तो पिशवीत ठेवला. येताना लोकलमध्ये आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. त्याने एकदा उजवा डोळा हाताने झाकला, मग डावा झाकला, आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, डोळ्यात कचरा गेला.

रविवारी त्याने मला पिशव्यांमागे झोपवलं. "आज तू मार."

"मी? मी कुठे मारते कधी?"

"दम अर्धा सोड, घोडा हळू दाब. बाकी मी इथे आहे."

मी मारल्या. पाचही गोळ्या एका ठिकाणी लागल्या, जरा उजवीकडे, पण एकमेकींना चिकटून. मी आनंदाने ओरडले. दादाने मोठ्या दुर्बिणीतून बघितलं, आधी उजव्या डोळ्याने, मग डाव्या. मग तो माझ्या शेजारी मातीत बसला.

"स्कोप ठीक आहे," तो म्हणाला. "झिरो धरतोय."

मला तेव्हा कळलं. पण तोंडातून शब्द निघाला तो भलताच. "मग आता मॅचचं काय?"

"उजव्या डोळ्यात मधोमध राखेचं बोट उमटल्यासारखं आहे. ज्याच्याकडे बघतो तेवढंच जातं. बाकी सगळं दिसतं." त्याने माझ्या हाताला घट्ट धरलं. "आईला सांगायचं नाही. जाईल आपोआप. उष्णता असेल."

नाक्यावरच्या डॉक्टरांनी थेंब दिले. दादाने ते महिनाभर घातले, आईची नजर चुकवून. आणि त्याच महिन्यात त्याने डाव्या खांद्यावर रायफल घ्यायला सुरुवात केली. हे वाटतं तितकं सोपं नसतं. गोळी भरायचा बोल्ट उजवीकडे, हात उलटा ओलांडून न्यायचा. गाल भलत्याच बाजूला टेकवायचा. घोड्यावर डावं बोट, आणि त्या बोटाला काही शहाणपण नसतं. पहिल्या दिवशी तो इतका चिडला की वाळूच्या पिशवीवर बुक्की मारली. सुभेदारांनी खुर्चीतून सगळं बघितलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "फौजेत एकाचा उजवा हात गेला होता. डाव्याने शिकला. वेळ लागतो."

दादा शिकला. मॅचच्या आधीच्या रविवारी पन्नासवरचा त्याचा ग्रुप मी बघितला आणि मला रडूच आलं, इतका तो पूर्वीसारखा होता.

मॅचला ठाण्याहून, दादरहून माणसं आली होती. मला शेडच्या मागे उभं केलं होतं, मॅचमध्ये कोणी ओरडून सांगायचं नसतं. पंचवीसवर दादा पहिला. पन्नासवरही पहिला. लोक हळूच विचारत होते, हा डावरा कोण?

शंभरला टार्गेटं एकमेकांना खेटून लावलेली असतात, वर छोट्या पाट्यांवर नंबर. दादाने चकतीवर टिचक्या मोजून वर चढवल्या, आडवा झाला, आणि गोळ्या मारल्या. शांतपणे, एकामागून एक. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू होतं, चांगलं झालं की येणारं.

सुभेदार दुर्बिणीतून बघत राहिले. फार वेळ बघत राहिले. मग स्वतः चालत बांधापर्यंत गेले आणि परत आले. दादाच्या टार्गेटवर एकही भोक नव्हतं. शेजारच्या टार्गेटवर दुप्पट भोकं होती, आणि त्यातला एक ग्रुप तळहातात मावेल एवढा.

"वरचा नंबर वाचला नाहीस?" सुभेदारांनी हळू आवाजात विचारलं.

दादा टार्गेटांकडे बघत होता. "पाट्यांवर नंबर आहेत?" तो म्हणाला.

डावा डोळाही जायला लागला होता. आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

नियम तो नियम. शंभरचे गुण शून्य. सुभेदारांनी निकाल वाचला तेव्हा दादाचं नाव आलं नाही, आणि मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला. पण सगळे गेल्यावर ते दादाजवळ आले, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात बराच वेळ काढला नाही.

आईला आम्ही सांगितलं नाही. तिला सांगावं लागलं नाही. त्याच आठवड्यात जेवताना दादाने कालवणाची वाटी घ्यायला हात पुढे केला, वाटी सापडली नाही, आणि त्याने मान जराशी तिरकी केली. भिंतीकडे बघितल्यासारखं केलं. मग हात बरोबर वाटीवर गेला. एवढंच. आई भात वाढत होती. पळी तिच्या हातातून ताटात पडली.

मामा असंच करायचा. बोलताना आपल्याकडे न बघता खाडीकडे तोंड करायचा. लहानपणी मला वाटायचं, आंधळा आहे, त्याला आपण कुठे बसलोय ते कळत नाही. आईला मात्र ठाऊक होतं.

"कदीपासून?" तिने विचारलं.

दादाने वाटी खाली ठेवली.

"उद्या ओटा बंद," ती म्हणाली. "मोठ्या इस्पितळात जायचं."

शहरातल्या सरकारी इस्पितळात तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दादाला रंगीत ठिपक्यांची पानं दाखवली. प्रत्येक पानात एक आकडा लपलेला. मला मागे बसून ते आकडे दिसत होते, आणि दादा एकेका पानाला "काही नाही" म्हणत होता. शेवटी मला बघवेना, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

मग बाईंनी आईला विचारलं, "मावशी, तुमच्या माहेरी कोणाचे डोळे असे गेले होते का? भाऊ, मामा?"

"नाय," आई म्हणाली. "कोन नाय."

मी तिच्याकडे बघितलं. "आई, मामा?"

तिने माझ्या मांडीवर हात इतका जोरात दाबला की वळ उठले. मग तो हात सुटला. "हा," ती म्हणाली. "माझा भाव. आन आयेचा भाव बी."

डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि साध्या भाषेत सांगितलं. डोळ्यामागची नस सुकते. तरुण मुलांना होतं. औषध नाही. कडेची नजर राहते, मधली जाते. हे आईच्या बाजूने येतं. आईला स्वतःला काही होत नाही, पण मुलांत उतरतं.

आईने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे मीच दिला?"

"असं म्हणायचं नाही, मावशी. तुमच्या हातात नव्हतं ते."

"पर आला माझ्याकडनं."

बाईंना होय म्हणावं लागलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, लग्न झालंय का विचारलं, आणि मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, तुम्हाला बहुधा काही होणार नाही, पण पुढे तुमच्या मुलांचा विचार करावा लागेल. मी मान डोलावली. त्या वेळी मला माझं काहीच सुचत नव्हतं.

इस्पितळाच्या बाहेर एका झाडाखाली बाकडं होतं. दादा पाणी आणायला गेला, हात लावत लावत भिंतीच्या कडेने. तेव्हा आई बोलली.

"मना ठाव व्हतं गो बाय. नीट नाय, पर भ्या व्हतं. माझा भाव गेला तवा सगली म्हनली, दर्याचा ऊन. आयेचा भाव बी दर्यावरच जायाचा. मना वाटला, दर्याच डोलं खातो. तुजा बाप गेला आन मी पोरांना उचलून बोरीवलीला आली. लोकं म्हनली, बाई सासर सोडून पलाली. मी बोलली, पोराला होडीत पाय ठेवू देनार नाय. त्याचं डोलं वाचवीन." ती थांबली. "आन डोलं खानारी मीच. दर्या नाय."

मी तिचा हात धरला. तो मासळीने आणि बर्फाने खरखरीत झालेला, नेहमीसारखा थंड हात.

दादाचं कारखान्यातलं काम सुटलं. लेथवर नजर नसेल तर बोटं जातात, त्यांनी ठेवलं असतं तरी आईने जाऊ दिलं नसतं. माझं एक स्थळ जवळपास ठरलं होतं, मालवणीच्या बाजूचं, ओळखीतलं. मी त्या मुलाला भेटून सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. "घरी विचारून सांगतो" म्हणाला, आणि नंतर कोणी आलं नाही. आईने त्याबद्दल मला एक शब्द विचारला नाही. का ते तिला कळलं असणार.

रायफल परत करायच्या आधी दादाला ती पुढच्या माणसासाठी नीट झिरो करून द्यायची होती. मॅचच्या दिवशी शंभरसाठी चढवलेल्या टिचक्या तशाच राहिल्या होत्या. "असं अर्धवट काम देऊ नये कोणाला," तो म्हणाला.

सुभेदारांनी आमच्यासाठी सकाळी लवकर रेंज उघडली. पन्नासवर टार्गेट लावून मी पिशव्यांमागे झोपले, दादा शेजारी उकिडवा बसला.

"कुठे?"

"बारा वाजता. मधापासून साधारण चार इंच वर. आणि इंचभर डावीकडे."

त्याने बोटांनी चकती शोधली. ओठ हलत होते. टक, टक, टक. मी मोजत नव्हते, तो मोजत होता. "मार."

"आता दोनला. दहाच्या रिंगणाला शिवतोय."

"किती शिवतोय? नीट सांग. तू उगाच मला बरं वाटावं म्हणून दहात ढकलू नकोस."

"अर्धा आत, अर्धा बाहेर."

दोन टिचक्या. "मार."

तिसरा ग्रुप मधोमध बसला. मी काही म्हणायच्या आधी माझ्या श्वासावरून त्याला कळलं. त्याने रायफल माझ्याकडून घेतली, बोल्ट काढून नळी रिकामी आहे ते बोट घालून बघितलं, तिला तेल लावलं, कापडात गुंडाळली, आणि सुभेदारांच्या हातात दिली. सुभेदारांनी ती घेताना त्याला सॅल्यूट केला. दादाला तो दिसला की नाही ते मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.

त्यानंतर मी रेंजवर गेले नाही.

काही महिने दादा मनोरीला मामाकडे राहिला. मामाने त्याला जाळं विणायला शिकवायला घेतलं. बोटं चलाख होती, शिकला असता. पण दिवसभर दोन आंधळी माणसं ओटीवर बसतात आणि येणारा-जाणारा च्यक् च्यक् करतो, ते त्याला सहन होईना. तो परत आला आणि आईच्या ओट्यावर जायला लागला. बर्फ फोडायचा, मासळीच्या पाट्या उचलायच्या, गिऱ्हाईकाशी गप्पा मारायच्या. चालता-फिरता यायचं त्याला. नवख्याला कळायचंही नाही. वाचता यायचं नाही, नोट ओळखता यायची नाही, आणि समोरच्या माणसाचा चेहरा दिसायचा नाही.

आई मात्र बदलली. ओट्यावर तिचा आवाज मार्केटभर घुमायचा, तो बंद झाला. घरी दादाशी कामापुरतं बोलायची. एका दुपारी ती मासळी साफ करत होती आणि मी शेजारी बसले होते, तेव्हा मान वर न करता म्हणाली, "तो माझ्याकडं बगत नाय गो."

"कोण? दादा?"

"मी बोलाया गेली का तोंड फिरवतो. मना कलतं. राग हाय त्याचा माझ्यावर. असनारच."

"आई, तसं नाही. त्याला समोरचं दिसत नाही, म्हणून तो कडेने बघतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं नव्हतं का?"

"मना नको शिकवू," ती म्हणाली. "माझ्या भावानं बी तसाच तोंड फिरवलं व्हतं आयेपासून. ती मरेपरत."

मी ते दादाला सांगितलं. तो दाराबाहेरच्या बाकावर बसला होता. ऐकून एकदम उभा राहिला. "ती असं समजते? इतके दिवस?" त्याचा आवाज चिरकला. "अगं, मी तिच्याकडे सरळ बघितलं तर तीच पुसली जाते. तिच्या कानाच्या बाजूला बघितलं की थोडी परत येते. मी बघायलाच मान फिरवतो."

तो तडक आत गेला. आई मोरीजवळ उभी होती. तो तिच्यासमोर थांबला आणि मान डावीकडे वळवली, दाराच्या चौकटीकडे.

"आई, मी तुझ्याकडेच बघतोय," तो म्हणाला. "पदर खोचलायस. एक हात कमरेवर आहे. आता तो तोंडावर धरलास. खांदे हलतायत तुझे. रडू नकोस ना."

आईने हात तोंडावरून काढला. मला वाटलं, आता तिला पटेल. ती पुढे झाली, आणि दोन्ही ओल्या हातांनी त्याची हनुवटी धरून त्याचा चेहरा स्वतःकडे सरळ वळवला.

"तसा नको," ती म्हणाली. "नीट बग. आयेच्या तोंडाकडं बग."

मी बोलायला तोंड उघडलं. दादाने मागे हात करून मला थांबवलं.

"आता दिसतंय का रं?" तिने विचारलं.

"दिसतेस, आई."

ती रडायला लागली, त्याच्या गालांवरून हात फिरवत राहिली, "माझा सोना, माझा बाला" म्हणत राहिली, आणि तो तिने धरलं होतं तसाच मान सरळ ठेवून, डोळे उघडे ठेवून उभा राहिला. त्याच्यापुढे त्या वेळी राखेखेरीज काही नव्हतं, ते त्याला आणि मला ठाऊक होतं.

पुढे आई जितकी वर्षं होती तितकी वर्षं, ती बोलायला आली की तो आपणहून मान सरळ करायचा.